बोक्याची स्ट्रेस टेस्ट

आमच्या फाउंड्रीत माणूस मेला तर लोक चार दिवस हळहळतात. पण क्रेनवाल्याला खाली उतरवला, तर महिना महिना त्याच्याशी कोणी नजर भिडवून बोलत नाही. हे काही मी कौतुकाने सांगत नाही. ह्याच मूर्खपणापायी बोका गेला, म्हणून आधी सांगितलेलं बरं.

बोका म्हणजे मोठ्या क्रेनचा ड्रायव्हर. खरं नाव हजेरीपुस्तकात होतं, ते तिथेच राहिलं. अंगाने थोराड, मिशा पिकलेल्या, पोट सुटलेलं, आणि तरी त्र्याऐंशी पायऱ्यांची उभी लोखंडी शिडी कुठेही आवाज न करता चढून जायचा, म्हणून बोका. क्रेन छतालगतच्या दोन रुळांवरून धावते आणि तिच्या पोटाशी एक काचेची केबिन टांगलेली असते. त्या केबिनमध्ये तो एकोणीस वर्षं बसला. खाली मी. माझं काम हातवारे करायचं आणि शिट्टी वाजवायचं. भट्टीतून लॅडल भरली की मी हात वर करायचा. लॅडल म्हणजे वितळलेल्या लोखंडाची बादली. बादली म्हणायचं इतकंच, आत दोन म्हशी उभ्या राहतील. ती तो उचलायचा, माणसांच्या डोक्यांवरून न्यायचा आणि मांजर पिल्लू ठेवतं तशी साच्याच्या तोंडाशी ठेवायचा. एकोणीस वर्षांत माझा हात खाली आला आणि लॅडल खाली आली नाही, असं कधी झालं नाही.

दिवसभर आम्ही हातांनीच बोलायचो. त्यामुळे जेवणाच्या सुट्टीत समोरासमोर बसलो की दोघांकडे बोलायला काही नसायचं. वहिनी, म्हणजे त्याची बायको, म्हणायच्या, तुमच्यापेक्षा दोन खांब शेजारी शेजारी बरे, निदान त्यांच्यावर वायर तरी टाकता येते.

क्रेनवाल्यांची दर वर्षी मेडिकल होते. वजन, डोळे, नाडी, बीपी. आकडा ठरलेल्या रेघेच्या वर गेला की त्याच दिवशी केबिनची चावी काढून घेतात. ह्याला आमच्याकडे ‘उतरवणं’ म्हणतात. नियम चुकीचा आहे असं कोण म्हणेल? वर बसलेल्याला चक्कर आली तर खालच्या दहाबारा जणांची हाडंसुद्धा सापडायची नाहीत, आणि त्या दहाबारा जणांत पहिला मीच. तरीपण बोक्याच्या आधी त्या क्रेनवर होता त्याला, मास्तर म्हणायचो आम्ही, उतरवून स्टोअरमध्ये हातमोजे वाटायला बसवलेला मी पाहिला होता. मास्तर पुन्हा कधी मान वर करून छताकडे बघायचा नाही. वर्षाच्या आत वाळून काडी झाला. बोका त्याच्याकडून हातमोजे घ्यायला स्वतः जात नसे, मला पाठवायचा. ‘तूच आण रे’ म्हणायचा, आणि मीही कधी का म्हणून विचारलं नाही.

आता गोळीचं. मला सहा वर्षांपासून बीपीची गोळी चालू आहे. पांढरी, मधोमध रेघ असलेली. नाडी मंद करते, छातीतली धडधड खाली बसवते. मी जमिनीवरचा माणूस, माझं बीपी कोणी विचारत नाही. पहिल्यांदा एका क्रेनवाल्याने मेडिकलच्या सकाळी काकुळतीला येऊन मागितली आणि मी दिली. त्याचा आकडा रेघेच्या खाली आला. झालं, तेव्हापासून मेडिकलचा महिना उजाडला की माझा खिसा म्हणजे औषधाचं दुकान. ‘रेघेची दे रे एक.’ कोणाचं काही वाईट झालं नाही, म्हणून आम्ही स्वतःला शहाणे समजत राहिलो. आमच्या लेखी ते औषध नव्हतंच, ती मेडिकलची गोळी होती.

गेल्या वर्षी नवा नियम आला. पंचावन्नच्या पुढच्या क्रेनवाल्यांनी मोठ्या दवाखान्यात जाऊन हृदयाची स्ट्रेस टेस्ट करून आणायची. असा आमच्याकडे एकच होता. बोक्याला तेव्हा सत्तावन्न पुरी झाली होती.

त्याच्या आधी दोनअडीच महिने तो शिडीच्या मध्यावर, जिथे पाय टेकायला चौकट आहे तिथे, थांबायला लागला होता. एका हाताने शिडी धरून दुसऱ्या हाताने डावा जबडा चोळायचा. मी खालून हातानेच विचारायचो, काय रे? तो गालावर बोट ठेवायचा, म्हणजे दाढ. घरीही त्याने हेच सांगितलं. वहिनी काही दुखणं अंगावर काढू देणाऱ्यातल्या नाहीत. त्याला धरून दातांच्या डॉक्टरकडे नेला. डॉक्टर म्हणाला दाढ ठणठणीत आहे, पण हा हट्टाला पेटला की हीच दुखते, काढा. काढली. दाढ गेली, दुखणं जागच्या जागी. मग म्हणायला लागला, शेजारची असेल.

एकदा मी विचारलं, जेवताना दुखते का? नाही म्हणाला, चढताना दुखते. आणि मी काय बोललो असेन? ‘पायांनी चावतोस की काय?’ असं म्हणून मी फिदीफिदी हसलो, तोही हसला. ते हसणं आठवलं की मला आजही स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

टेस्टची तारीख घ्यायला आम्ही दोघं गेलो. तिथे एक छापील कागद मिळाला. बोक्याने बाहेरच्या बाकावर बसून तो मोठ्याने वाचून दाखवला, कारण माझा चष्मा घरी होता. तीन तास आधी काही खायचं नाही. आदल्या दिवसापासून चहा, कॉफी, तंबाखू बंद. सैल कपडे आणि चालायचे बूट घालून यायचं. चालू असलेल्या सगळ्या औषधांची यादी आणायची. हृदयाच्या आणि बीपीच्या गोळ्या टेस्टआधी थांबवायच्या की नाहीत ते डॉक्टरांना विचारायचं, आपल्या मनाने काही करायचं नाही. ह्या ओळीवर तो थांबला.

‘हे गोळ्या चालू आहेत त्यांच्यासाठी,’ म्हणाला. ‘मला कुठे चालू आहेत?’

आणि मला ते पटलं. दोन नातवंडांचा आजा असलेला मी, बाकावर बसून मान डोलावली. नियम पेशंटसाठी, आपण पेशंट नाही, तेव्हा नियम आपल्याला नाही. एवढं डोकं आम्ही दुसऱ्या कशात चालवलं असतं तर! आदल्या संध्याकाळी मी त्याला एक गोळी दिली आणि सकाळी दवाखान्याच्या फाटकाबाहेर दुसरी. त्याने ती पाण्याशिवायच गिळली.

खोली लहान होती. एका भिंतीशी ट्रेडमिल, तो चालायचा फिरता पट्टा, शेजारी पडदा, एक उंच पलंग, आणि भिंतीला ऑक्सिजन की काय ते. कोपऱ्यातल्या खुर्चीवर डॉक्टर, चाळिशीतले, शांत. सगळं काम एक मुलगी करत होती. पंचविशीची असेल, केस घट्ट बांधलेले. संमतीच्या कागदावर नातेवाइकाची सही लागत होती. वहिनींना त्याने येऊच दिलं नव्हतं, म्हणून सही मी केली. नातं काय लिहू विचारलं तर बोका म्हणाला, भाऊ लिही.

मुलीने पहिल्यांदा विचारलं, काही गोळ्या चालू? तो नाही म्हणाला, तिने लिहून घेतलं. मग त्याचा सदरा काढायला लावला, छातीवरचे केस जागोजागी वस्तऱ्याने साफ केले, स्पिरिटने पुसलं आणि तिथे चिकट चकत्या लावून एकेक वायर अडकवली. दंडावर बीपीचा पट्टा बांधला. हे करताकरता तिने पुन्हा विचारलं. साधंसुधं नाही, खोदून विचारलं. सर्दीची, झोपेची, दुसऱ्या कोणाची घेतलेली, दोन दिवसांत कुठलीही गोळी पोटात गेलीय का? बोका म्हणाला, नाही म्हटलं ना, बाई. मी दाराशी उभा होतो. मुलीने माझ्याकडे काही बघितलं नाही, बघायचं तिला कारणच नव्हतं.

मग तिने त्याला नीट समजावलं. सुरुवातीला हळू चालायचं. दर तीन मिनिटांनी पट्ट्याचा वेग वाढेल आणि चढही वाढेल, डोंगर चढल्यासारखं वाटेल. समोरचा दांडा नुसता धरायचा, त्याच्यावर भार टाकायचा नाही. त्याच्या वयाला नाडी एकशे अडतीसच्या आसपास गेली पाहिजे, तेव्हा कुठे हृदयाला खरे कष्ट पडतात आणि आलेखावर दिसायचं ते दिसतं. आणि म्हणाली, ‘छातीत, हातात, पाठीत, जबड्यात काहीही वाटलं, गरगरलं, दम लागला, तर लगेच बोला काका. बोललात म्हणजे नापास झालात असं नाही. इथे पास-नापास काही नसतंच.’

बोक्याच्या चेहऱ्यावरून मला कळलं की हे शेवटचं वाक्य त्याच्या कानावरून गेलं. ज्याला एकोणीस वर्षं दर मेडिकलला एक तर चावी मिळाली नाहीतर चावी गेली एवढंच ठाऊक, त्याला पास-नापास नसलेली परीक्षा कशी समजावी?

पट्टा सुरू झाला. पहिली तीन मिनिटं त्याने रमतगमत काढली. मला डोळा मारला. पुढच्या तीन मिनिटांत मान पुढे आली आणि मानेवरून घाम ओघळला. पडद्यावर नाडीचा आकडा दिसत होता. अठ्ठ्याऐंशी. ब्याण्णव. मुलगी एकदा पडद्याकडे आणि एकदा त्याच्याकडे बघत होती. माणूस घामाने निथळतोय आणि आकडा मात्र नव्वदीत लोळतोय, हे तिला खटकलं असणार. मला तर उलट खुशीच झाली. मनात म्हटलं, गोळी काम करतेय.

तिसऱ्या टप्प्यात त्याने जबडा खांद्यावर घासला. हात दांड्यावर होते ना, म्हणून खांद्यावर. मुलीने ते पाहिलं. एवढं मी कुठेही शपथेवर सांगेन, तिने लगेच पाहिलं आणि विचारलं, जबडा दुखतोय का? डॉक्टरही उठून आले. बोक्याने चालताचालता तोंड उघडून दाखवलं. दाढ काढलीय, सूज आहे, म्हणाला. आणि तिथे खरोखरच खड्डा होता. स्वतःच्या धडधाकट दाढेचा खड्डा दाखवून त्याने डॉक्टरांना गप्प केलं. नवव्या मिनिटाला म्हणाला, पाय भरून आले, थांबवा. नाडी एकशे चार.

पट्टा एकदम थांबवत नाहीत, हळूहळू आणतात. मग त्याला पलंगावर झोपवलं, दर दोन मिनिटांनी बीपी घेतलं, वायरी तशाच. दहाबारा मिनिटांनी सगळं जागेवर आल्यावर चकत्या काढल्या. छातीवर लाल गोल वण उठले होते.

डॉक्टरांनी आम्हा दोघांना समोर बसवलं. म्हणाले, ‘ह्या टेस्टवरून मी काहीही सांगू शकत नाही. नाडी चढलीच नाही. आलेख बरा दिसतोय, पण ह्या नाडीला तो बराच दिसणार. तुम्ही एखादी गोळी घेतली असेल तर आत्ता सांगा. मी रागावणार नाही, फक्त तारीख बदलू.’

बोक्याने माझ्याकडे पाहिलं. एकोणीस वर्षं तो वरून माझ्याकडे असाच बघायचा, मी सांगेन ते करायला. मी एक बोट हलवलं असतं तरी तो बोलला असता. मी भिंतीवरच्या हृदयाच्या चित्राकडे बघत बसलो. त्यातल्या लाल आणि निळ्या नळ्या मला अजून पाठ आहेत.

‘नाही घेतली,’ बोका म्हणाला.

डॉक्टरांनी लिहिलं की टेस्ट अपुरी राहिली, पंधरा दिवसांनी पुन्हा करावी, तेव्हाही जमलं नाही तर औषध टोचून हृदयाचे फोटो काढावेत. तोंडीही बजावलं, आणि खाली अधोरेखित केलं, की तोवर शिडी चढायची नाही आणि जबडा नाहीतर छाती पाच मिनिटांवर दुखली तर घरी न थांबता इथे यायचं. कागदाची घडी करून बोक्याने खिशात घातली. फाउंड्रीच्या मेडिकल ऑफिसात सांगितलं की रिपोर्ट पंधरा दिवसांनी मिळणार आहे, म्हणून तोवर चावी त्याच्याकडेच राहिली. आणि दुसऱ्या दिवशी कागद माझ्यासमोर भट्टीत टाकला. कागदाला तिथे जळायलासुद्धा वेळ लागत नाही, नुसता नाहीसा होतो.

टेस्टच्या दिवशी संध्याकाळी मी त्याच्याबरोबर घरी गेलो होतो. वहिनी दारातच उभ्या. काय म्हणाले, काय म्हणाले, असं दोनदा विचारलं. तो बूट काढत काढत म्हणाला, काही निघालं नाही, हृदय बैलासारखं आहे म्हणाले. वहिनींनी माझ्याकडे पाहिलं, खात्री करून घ्यायला. मी हसलो. दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्या बायकोला फोन करून सांगितलं की दोन महिन्यांत आज पहिल्यांदा सलग झोप लागली.

चौथ्या दिवशी माझ्याने राहवेना. जेवणाच्या सुट्टीत त्याला बाजूला घेऊन म्हटलं, जाऊ या, डॉक्टरांना खरं काय ते सांगून टाकू. तो बराच वेळ डबा चमच्याने उकरत बसला. मग म्हणाला की सांगितलं तर ते कळवतील, कळलं तर आजच उतरवतील. पंधरा दिवसांनी गोळी न घेता जातो, मग जे निघेल ते निघेल, पण एवढे पंधरा दिवस मला वर बसू दे. मला त्याचा राग आला, पण त्याहून जास्त कीव आली. वर त्याच्याशिवाय कोणी नसायचं, तिथे तो कोणाचा नोकर नव्हता. खाली आल्यावर आपण कोण, हे त्याला खरंच माहीत नव्हतं. गोळी दिली तसे दिवसही देऊन टाकले मी त्याला.

अकराव्या दिवशी, सकाळच्या पाळीला, तो शिडीच्या मध्यावर थांबला तो चांगला दोनतीन मिनिटं थांबला. मी शिट्टी तोंडात धरून उभा होतो. वाजवली असती तर तो खाली आला असता, नियमच तसा आहे. तो पुढे चढला आणि वरून हात हलवला. पहिल्या दोन लॅडल नेहमीसारख्या. तिसरी त्याने स्टँडवर ठेवली, क्रेनचा हूक सोडवला. मी चौथीसाठी हात वर केला.

क्रेन हलली नाही. मी पुन्हा हात केला. शिट्टी मारली, दोनदा, तीनदा. मग धावलो. एकोणीस वर्षांत मी ती शिडी कधी चढलो नव्हतो. त्र्याऐंशी पायऱ्या, छप्पन वर्षांचा बीपीचा माणूस, पण त्या दिवशी मला काही झालं नाही, कारण गोळी रोजच्या रोज मी घेत होतो. केबिनमध्ये वहिनींनी शिवलेली उशी सीटवर होती, पाण्याची बाटली, काच पुसायचं फडकं. ब्रेक लावलेला होता. एक हात ब्रेकवर आणि दुसरा जबड्यावर. मी त्याला हाक मारली ती खऱ्या नावाने मारली, कसं आठवलं कोण जाणे. त्याला खाली आणायला चाळीस मिनिटं लागली, कारण त्या शिडीवरून एका वेळी एकच माणूस येतो.

तीन आठवड्यांनी वहिनींनी मला बोलावून घेतलं. त्यांचा भाऊ आलेला होता. तो कोर्टाबाहेर लोकांचे अर्ज टाइप करून देतो, कायद्याचं ऐकून ऐकून अर्धा वकील झालेला. त्याने दवाखान्याविरुद्ध तक्रार तयार ठेवली होती, दोन पानी. मोठ्याने वाचून दाखवली. हृदय दुबळं असलेल्या माणसाला काहीही विचारपूस न करता पट्ट्यावर पळवला. टेक्निशियन मुलीचं लक्ष मोबाइलमध्ये होतं. जबडा दुखत असल्याचं तिने मनावर घेतलं नाही. सगळं ठीक आहे असं सांगून घरी पाठवलं. त्या मुलीला कामावरून काढावं आणि तिच्यावर गुन्हा नोंदवावा. शेवटी साक्षीदार म्हणून माझं नाव.

मी म्हटलं, त्यांच्याकडे त्यांचे कागद असतील. भाऊ म्हणाला, कागद मागाहून कसेही लिहिता येतात, तिथे हजर असलेला माणूस तुम्ही एकच. इथे सही करा. ती पोरगी घरी बसलीच पाहिजे.

वहिनी भिंतीला टेकून खाली बसल्या होत्या. म्हणाल्या, ‘करा भाऊजी. पळवून पळवून मारलं हो त्यांना.’

पेन माझ्या हातात होतं. खरं सांगतो, सही करायचं माझ्या मनात आलं. ती मुलगी माझी कोण? आणि वहिनी तर घरातल्या. सही केली की सगळ्यांचं भागणार होतं, माझं सगळ्यात जास्त. नुसतं तिथे बसूनही माझी मान वाकली होती, सही करायला वाकवावी लागली नसती. पण ‘काहीही विचारपूस न करता’ ह्या शब्दांवर माझं बोट होतं, आणि ते काही तिथून हलेना.

‘तिने विचारलं होतं,’ मी म्हटलं. ‘दोनदा विचारलं. तिसऱ्यांदा डॉक्टरांनी विचारलं.’

भाऊ म्हणाला, काय विचारलं? मग मी सांगायला लागलो आणि थांबता येईना. रेघेची गोळी, आदल्या संध्याकाळची एक आणि फाटकाबाहेरची एक. एकशे चार. दाढेचा खड्डा. भट्टीत गेलेला कागद आणि त्यावर अधोरेखित केलेलं शिडीचं. चौथ्या दिवशीचं बोलणं. सगळं बाहेर काढलं. भाऊ मधेच उठला, मला काय वाट्टेल ते बोलला, खुनी म्हणाला. ते मला चालण्यासारखं होतं.

वहिनींनी तक्रारीची पानं उचलली, गुडघ्यावर ठेवून त्यांच्या कडा जुळवल्या. मग म्हणाल्या, ‘त्या पोरीला शिव्या घालत झोपत होते मी. तेवढी तरी झोप लागत होती.’

मी म्हटलं, ‘मला शिव्या घाला वहिनी.’

‘तुम्हाला घालीनच,’ त्या म्हणाल्या. ‘तुम्ही समोर आहात, उद्याही असाल. पण दारात उभं राहून मी विचारलं, काय म्हणाले. चौतीस वर्षांत ते माझ्याशी कधी खोटं बोलले नव्हते. त्या दिवशी बोलले, आणि तुम्ही शेजारी उभे राहून हसलात. मी सुखाने झोपले हो त्या रात्री. आता मी त्यांच्यावर रागावू कशी, आणि न रागावू कशी, ते सांगा.’

त्यांनी पानं फाडली नाहीत, भावाच्या हातात दिली आणि दुसरीकडे तोंड करून बसल्या. मी उठलो. चपला घालेपर्यंत त्या काही बोलतील म्हणून थांबलो. त्या एवढंच म्हणाल्या, दार ओढून घ्या. मी दार ओढून घेतलं.